विश्लेषण : तासाला हजार रुपये मिळूनही महिनाअखेर हात रिकामा का? मुक्त कलाशिक्षकांच्या कमाईचे गणित

सकाळी घरी कथकचा वर्ग, दुपारी एका शाळेत दोन तासिका, शनिवारी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये लहान मुलांची बॅच आणि डिसेंबर उजाडला की चार शाळांची गॅदरिंग. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात असे वेळापत्रक असलेले शेकडो नृत्यशिक्षक, गायक, चित्रकार आणि रंगकर्मी आहेत. ते कोणाच्याही पगारपत्रकावर नाहीत. त्यांचे काम भरपूर दिसते, दरही ऐकायला वाईट नसतो. तरीही पस्तिशीच्या आसपास यातले बरेच जण ‘आता कुठेतरी नोकरी बघावी’ या निष्कर्षाला येतात. असे का होते आणि ते टाळता येते का?

मुक्त कलाशिक्षक म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेत ‘टीचिंग आर्टिस्ट’ ही संज्ञा १९७०च्या दशकापासून वापरात आहे. स्वतःची कला करत राहून, त्याच कलेच्या बळावर शाळांत, संस्थांत, वस्त्यांत शिकवणारा कलाकार असा तिचा साधारण अर्थ. आपल्याकडे संज्ञा नवी असली तरी माणूस जुनाच आहे. सुधा करमरकर यांची ‘लिटल थिएटर’, रत्नाकर मतकरी यांची बालनाट्य चळवळ, १९८६ पासून पुण्यात डॉ. मोहन आगाशे यांनी रुजवलेली ग्रिप्स नाट्यचळवळ यांतून मुलांसोबत काम करणाऱ्या रंगकर्मींच्या पिढ्या तयार झाल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने तर १९८९ मध्ये शिक्षणातील नाट्यासाठी वेगळी कंपनीच सुरू केली.

शाळेतील पूर्णवेळ ‘ड्रॉइंगचे सर’ आणि हा कलाकार यांच्यात मुख्य फरक उत्पन्नाचा आहे. सरांना मे महिन्याचा पगार मिळतो. याला मिळत नाही. पुढचा जवळपास सगळा गुंता या एका फरकातून निघतो.

तासाला हजार म्हणजे खरोखर किती?

हिशेबासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोथरूडला राहणारी एक रंगकर्मी वाघोलीच्या शाळेत आठवड्यातून एकदा नाट्यवर्ग घेते. दर तासाला १,००० रुपये. जाऊन-येऊन प्रवास दोन तास (वाघोलीच्या रस्त्याची ख्याती ठाऊक असलेल्यांना हे गृहीतक उदार वाटेल), तयारीला पाऊण तास आणि शाळेला फोटो, अहवाल, पालकांचे निरोप यासाठी पाव तास. म्हणजे एका तासासाठी चार तास गेले. पेट्रोलचे साधारण १०० रुपये वजा केले की ९०० रुपये उरतात. चार तासांनी भागल्यावर तासाला २२५ रुपये.

आता त्याच शाळेत, त्याच दिवशी, सहावीच्या तीन तुकड्यांना तोच पाठ घ्यायचा ठरला तर? प्रवास तेवढाच, तयारी तेवढीच, निरोपही जवळपास तेवढेच. वर्गाचे तास तीन, एकूण वेळ सहा तास, हातात २,९०० रुपये. तासाला ४८३ रुपये. दर एक रुपयाने वाढला नाही, शाळेला एका तासिकेमागे एक पैसा जास्त पडला नाही, पण कमाई दुपटीहून अधिक झाली.

बहुतेक कलाशिक्षक शाळेशी दरावर घासाघीस करतात आणि वेळापत्रक मुख्याध्यापकांवर सोडतात. प्रत्यक्षात उलटे करायला हवे. दर वाढवून देण्यासाठी मुख्याध्यापकांना संस्थाचालकांकडे जावे लागते. तीन तासिका एका दिवशी लावणे मात्र त्यांच्या हातात असते. एका आठवड्यात पाच शाळांत एकेक तास शिकवणाऱ्यापेक्षा दोन शाळांत तीन-तीन तास शिकवणारा जवळपास नेहमीच जास्त कमावतो. त्याच्या रियाजाचेही काही तास वाचतात, ते वेगळेच.

वर्षात कमाईचे आठवडे किती?

दुसरी चूक याहून महाग पडते. महिन्याला चाळीस हजार घरखर्च, आठवड्याला १५ तास शिकवणे, तासाला हजार म्हणजे महिन्याला साठ हजार, मग झाले की! असा हिशेब सुरुवातीला सगळेच करतात. तो चुकतो, कारण वर्षाचे ५२ आठवडे शिकवण्याचे नसतात.

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. गणपती, दिवाळीची सुट्टी, दोन सत्रांच्या परीक्षा आणि उन्हाळा वजा केला, की उरलेल्या आठवड्यांतही परीक्षेच्या आधी कलेची तासिका गणिताच्या शिक्षकांना ‘दिली’ जाते. हे शाळेत शिकलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. हिशेबापुरते वर्षाला ३२ आठवडे धरले आणि आठवड्याला १५ तास, तर वर्षाचे ४८० तास होतात. हजार रुपये दराने वर्षाचे ४ लाख ८० हजार. म्हणजे बरोबर महिन्याला चाळीस हजार. घरखर्च निघाला, पण तबलजीचे पैसे, हॉलचे भाडे, गाडी, मोबाइल, आरोग्य विमा आणि म्हातारपण यांसाठी शिल्लक शून्य.

उलट्या बाजूने मांडले तर दर सापडतो. घरखर्च ४,८०,०००, व्यवसायाचा खर्च ९०,०००, विमा आणि निवृत्तीची तजवीज मिळून ९०,०००. एकूण ६,६०,०००. भागिले ४८०. उत्तर १,३७५ रुपये. या काल्पनिक कलाकाराचा दर इतका असायला हवा. तो बाजारात मिळत नसेल तर तीनच मार्ग उरतात: तास वाढवणे, आठवडे वाढवणे किंवा दुसऱ्या कामातून तूट भरणे. निदान तूट किती आहे, हे तरी आकड्यात कळते. प्रत्येकाने स्वतःचे आकडे घालून हा भागाकार एकदा करावा. येणारे उत्तर बहुधा सध्याच्या दरापेक्षा मोठे असते.

आठवडे वाढवण्याची सोय आपल्या कॅलेंडरमध्येच आहे. एप्रिल-मेमधील शिबिरे, डिसेंबर-जानेवारीतील गॅदरिंग आणि मधल्या काळात एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा किंवा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी. यातल्या काही परीक्षांमुळे दहावीच्या निकालात सवलतीचे कलागुण मिळत असल्याने पालक त्यासाठी पैसे द्यायला कमी कुरकुर करतात. कलेसाठी न सुटणारे पाकीट गुणांसाठी सुटते, याचे वाईट वाटू शकते. पण ती फी वर्षाचे काही रिकामे आठवडे भरून काढते.

गॅदरिंगच्या कामात मात्र सावध राहावे लागते. ‘बारा नाच बसवून द्या’ असे ठोक काम घेतले की त्यात सरावाचे तास, कपडे भाड्याने आणण्याची धावपळ, गाण्यांची काटछाट आणि ऐनवेळी वाढलेला तेरावा नाच हे सगळे येते. म्हणून ठोक रकमेसोबत सरावांची संख्या लिहून घेणे आणि त्यापुढील प्रत्येक सरावाचा दर आधी सांगणे गरजेचे असते. कपड्यांचे भाडे शाळेने थेट द्यावे. कलाकाराच्या खिशातून गेलेले भाडे परत यायला अनेकदा पुढचे गॅदरिंग उजाडते.

‘मानधन’ या शब्दाची अडचण काय?

मराठीत कलाकाराला पगार किंवा फी नव्हे, ‘मानधन’ देतात. शब्द सुंदर आहे, पण त्यात मान देणारा ठरवतो आणि धनही तोच ठरवतो. सोबत शाल, श्रीफळ आणि बंद पाकीट. पाकिटात किती आहे ते घरी गेल्यावर कळते. इलेक्ट्रिशियनला असे पाकीट कोणी देत नाही.

यामागे विद्या विकू नये हा जुना संस्कार आहे आणि तो खोटा नाही. पण त्याची दुसरी बाजू म्हणजे राजाश्रय होता. शिष्याकडून काही न घेणाऱ्या गुरूचे घर दरबार चालवत असे. तो आश्रय सोडून समाजाच्या बळावर संगीतशिक्षण उभे करण्याचा मोठा प्रयोग विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी केला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली. मात्र कर्जाचा बोजा इतका झाला की १९२४ मध्ये मुंबईतील वास्तू लिलावात गेली. त्यांनी घडवलेले शिष्य आणि परंपरा टिकली, इमारत टिकली नाही. अफाट निष्ठा आणि लोकप्रियता असूनही पैशांची बाजू वेगळी सांभाळावी लागते, हे शंभर वर्षांपूर्वीही खरे होते.

व्यवहारात उपाय साधा आहे. कोणी ‘मानधन किती घ्याल?’ असे विचारले की तोंडी आकडा सांगण्याऐवजी एका पानाचे दरपत्रक पाठवणे. त्यात तासिकेचा दर, एका दिवसात किमान किती तासिका, एका वर्गात जास्तीत जास्त किती मुले, साहित्य कोणाचे आणि बिल किती दिवसांत मिळावे एवढेच असावे. साठ मुलांच्या वर्गात मातीकाम शिकवायचे तर सोबत सहायक लागतो. त्याचे पैसेही त्यातच.

काही ठिकाणी फुकट किंवा कमी पैशांत शिकवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तीतील मुले, जिल्हा परिषदेची शाळा, स्वतःचे गाव. तेवढे तास वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून बाजूला ठेवले, तर ते ओझे होत नाहीत. अडचण होते ती परवडणाऱ्या इंग्रजी शाळेने ‘मुलांसाठीच तर आहे’ म्हणून निम्म्या दरात काम करून घेतल्यावर.

मे महिन्याच्या फीचा वाद कसा सुटतो?

घरच्या क्लासचे उत्पन्न सर्वात भरवशाचे, कारण तिथे मधला कोणी नसतो. पण ‘आम्ही मे महिन्यात गावाला जातोय, मग फी कशाला?’ या एका प्रश्नावर अनेक क्लास दरवर्षी दोन महिने कोलमडतात. त्यात पालकांचेही चूक नाही. महिन्याची फी म्हटली की ते महिन्याचाच हिशेब करणार.

वर्षभराचे शुल्क ठरवून ते हप्त्यांत घेतले की हा वाद मिटतो. समजा महिन्याला १,२०० रुपये आणि वर्षाचे दहा महिने असा क्लास आहे. वर्षाचे १२,००० रुपये झाले. तेच दरमहा १,००० रुपयांच्या बारा हप्त्यांत घ्यावेत. पालकांना आकडा कमी वाटतो, शिक्षकाला मे महिन्यातही पैसे मिळतात. सत्राची फी एकदम भरणाऱ्याला थोडी सवलत दिली तरी चालते. मात्र गैरहजेरीची वजावट नाही, फार तर दुसऱ्या बॅचमध्ये बसता येईल, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगायला हवे. चार महिन्यांनी सांगितलेला नियम भांडण वाटतो.

रेकॉर्डिंग कोणाचे?

करोनाकाळापासून अनेक शाळा आणि ऑनलाइन कंपन्या वर्गाचे रेकॉर्डिंग करतात. एकदा पैसे देऊन तेच व्हिडिओ पुढच्या तुकड्यांना दाखवले, तर कलाशिक्षकाचे पुढच्या वर्षीचे कामच संपते. इथे कायदा बऱ्यापैकी बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरदार नसलेल्या व्यक्तीने तयार केलेल्या पाठाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ती व्यक्तीच असते. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. शिवाय या कायद्यातील ‘सादरकर्ता’च्या व्याख्येत नट, गायक, नर्तकांसोबत जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. तेव्हा वर्ग घेणाऱ्यालाही त्यात आपले बोट ठेवायला जागा आहे.

अर्थात ‘सर्व हक्क कायमचे संस्थेकडे’ असे छापलेल्या कागदावर सही केली की हे संरक्षण हातचे जाते. त्याऐवजी ‘फक्त या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी’ एवढे चार शब्द पेनने लिहून दोघांनी सही केली तरी पुरते.

कर आणि थकलेल्या बिलांचे काय?

अनेक संस्था बिलातून १० टक्के टीडीएस कापतात. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, म्हणून कमी उत्पन्नाचे कलाकार विवरणपत्रच भरत नाहीत. त्यामुळे कापलेले पैसे सरकारकडेच राहतात. वरच्या उदाहरणातील ६ लाख ६० हजारांपैकी निम्म्या रकमेवर जरी टीडीएस कापला गेला, तरी ३३,००० रुपये होतात. विवरणपत्र भरल्याशिवाय ते परत येत नाहीत.

जीएसटीची धास्ती मात्र बहुतेकांनी घेऊ नये. सेवा देणाऱ्यांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची गरज सहसा पडत नाही. शिवाय कला-संस्कृतीशी संबंधित छंदवर्गांचे प्रशिक्षण व्यक्तीने दिले तर त्याला सूट आहे. ‘व्यक्तीने’ हा शब्द १८ जुलै २०२२ पासून महत्त्वाचा झाला आहे. मोठे वाटावे म्हणून घाईने प्रायव्हेट लिमिटेड ‘अकॅडमी’ काढणाऱ्यांना ही सूट मिळत नाही.

थकलेल्या बिलांसाठी ‘उद्यम’ नोंदणी उपयोगी पडते. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु उद्योग कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणाऱ्या शाळेला व्याजाची नोटीस कोणी पाठवत नाही, हे खरे. कंपन्यांच्या बाबतीत मात्र बिलावरचा उद्यम क्रमांक लेखापालाला दिसतोच. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे अशी बिले मुदतीत न भरल्यास तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा करता येत नाही. शाळा बहुधा धर्मादाय न्यासाच्या असल्याने त्यांच्यावर या तरतुदीचा दबाव फारसा पडत नाही. शाळेसाठी आगाऊ ३० टक्के रक्कम मागणे हाच जास्त चालणारा उपाय.

परदेशातले विद्यार्थी हा मार्ग आहे का?

आहे, पण झोपेच्या मोबदल्यात. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना मुलांसाठी गाणे, कथक, तबला शिकवणारे शिक्षक हवे असतात. पुण्यातील सकाळचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे नऊ आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे मागे गेली की तेच साडेसहा कॅलिफोर्नियात पाच होतात. पालक अजून ऑफिसात असतात आणि बॅच गळते. अनुभवी शिक्षक ऑक्टोबरमध्येच हिवाळ्याची वेळ ठरवून घेतात. आणखी एक मर्यादा: पदन्यास किंवा तबल्याचा हात स्क्रीनवर सुधारायला वेळ लागतो, त्यामुळे पाच-सहापेक्षा मोठी बॅच चालत नाही.

धोरणात कलाकाराला जागा आहे, मग पैसे कुठे अडतात?

शिक्षण हक्क कायदा, २००९च्या परिशिष्टात सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावेत असे म्हटले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० त्यापुढे जाऊन स्थानिक कलाकार-कारागिरांना शाळेत निदेशक म्हणून आणण्याची आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची शिफारस करते. पण त्यांना किती आणि किती दिवसांत पैसे द्यायचे, यावर धोरण गप्प आहे. परिणामी कुंभार, वारली चित्रकार किंवा शाहीर शाळेत येतो, मुले खूश होतात, फोटो अपलोड होतात आणि त्याला प्रवासखर्चाइतके ‘मानधन’ मिळते. दहा दिवसांच्या तरतुदीसोबत किमान दर आणि महिन्याच्या आत पैसे जमा करण्याची अट घालणे राज्य सरकारला अवघड नाही. अंदाजपत्रकात ‘स्थानिक कलाकार’ अशी वेगळी ओळ नसेल, तर हा खर्च स्टेशनरीतून होणार आणि स्टेशनरीइतकाच होणार.

लातूर, सांगली, रत्नागिरीत १,३७५ रुपयांचा दर सहसा मिळणार नाही. मात्र तिथे प्रवासाचे दोन तासही जात नाहीत आणि जागेचे भाडे कमी असते. अशा गावांत परीक्षा केंद्राशी जोडलेला क्लास, मोठ्या बॅच आणि आजूबाजूच्या तीन-चार शाळांनी मिळून एक कलाकार वर्षभरासाठी ठरवणे हा मार्ग जास्त व्यवहार्य आहे. सोमवार एका शाळेत, मंगळवार दुसऱ्या शाळेत. प्रत्येक शाळेवर भार कमी आणि कलाकाराला आठवडाभर काम.

आजारपण आणि म्हातारपणाची सोय

नर्तकाचा गुडघा आणि गायकाचा गळा हीच त्यांची यंत्रसामग्री. ती बंद पडली की त्या महिन्यापासून उत्पन्न थांबते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेतूनच घेता येते. निवृत्तीसाठी पीपीएफ किंवा एनपीएस दोन्ही चालतात, अट एवढीच की हप्ता शिबिरांच्या आणि गॅदरिंगच्या जास्त कमाईच्या महिन्यांतच भरून टाकावा.

सांस्कृतिक मंत्रालयाच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ पाठ्यवृत्तींतून दोन वर्षे दरमहा अनुक्रमे १०,००० आणि २०,००० रुपये मिळतात. त्या अभ्यास-संशोधनासाठी असतात, पण त्यातून आठवड्याचे काही तास शिकवण्याऐवजी स्वतःच्या कलेला देता येतात. ज्याचा रियाज सुटला त्याच्या वर्गातही दोन-तीन वर्षांत तेच ते पाठ फिरू लागतात आणि शाळा नवा माणूस शोधते.

राहिला प्रश्न दरपत्रक पाठवायचे कधी, याचा. बहुतेक कलाकार जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांना भेटतात. तोपर्यंत वर्षाचे अंदाजपत्रक झालेले असते आणि वेळापत्रकही लागलेले असते; उरतात त्या शुक्रवारच्या शेवटच्या तासिका. गॅदरिंगचे कौतुक ताजे असते ते फेब्रुवारीत. दरपत्रक घेऊन जायचे तेव्हाच, आणि सोबत तीन तुकड्या एकाच दिवशी लावलेले वेळापत्रकही तयार करून न्यायचे.